औषध सुटतांना : एका नांवाचा इतिहास

आपल्याकडे मनाच्या विकारावर डॉक्टरांनीं एखादी गोळी लिहून दिली म्हणजे रोगी, आणि रोग्यापेक्षांहि त्याच्याबरोबर आलेलें घरचें वडील माणूस, एक प्रश्न हटकून विचारतें : "हिची सवय तर लागणार नाहीं ना ?" या प्रश्नाला जगभर वर्षानुवर्षें जें उत्तर मिळत आलें तें थोडक्यांत असें, कीं नाहीं, ही व्यसन लावणारी गोळी नव्हे. उत्तर खोटें नव्हतें. परंतु प्रश्न व्यसनाचा नव्हता, सवयीचा होता. आणि या दोन शब्दांमधील अंतर ओळखण्यास वैद्यकशास्त्राला किती काळ लागला, हा आधुनिक वैद्यकाच्या इतिहासांतील मोठा विचार करावयास लावणारा भाग आहे. मी वैद्य नव्हें. महाविद्यालयांत तर्कशास्त्र व इतिहास शिकविण्यांत माझीं तीस वर्षें गेलीं. तेव्हां कोणीं कोणतें औषध किती घ्यावें हें सांगण्याचा मला अधिकार नाहीं व तसा हेतुहि नाहीं. एका नांवाभोंवतीं काय काय घडलें एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

'सवय' हा शब्द भोंगळ आहे असें शास्त्रीय परिभाषेचे अभिमानी म्हणतील. मला तो या बाबतींत फार उपयोगी वाटतो. अफूबाजाला तलफ येते. ती भागविण्यासाठीं तो घरदार विकतो, मात्रा वाढवीत जातो, लाज सोडतो. हें व्यसन. पण चातुर्मासांत चहा सोडण्याचा नेम केलेल्या सत्शील गृहस्थाचें डोकें दुसऱ्याच दिवशीं ठणकूं लागतें, त्याला व्यसनी म्हणण्याचें धाडस कोण करील ? रोज एखादा पदार्थ पोटांत गेला म्हणजे शरीर त्याच्याशीं जुळवून घेतें, आणि तो एकाएकीं येईनासा झाला कीं तें तक्रार करूं लागतें. दम्यासाठीं किंवा सांध्यांच्या विकारासाठीं दीर्घकाळ घेतलेलीं स्टिरॉइड औषधें डॉक्टर कधींहि एकदम बंद करीत नाहींत, पायरीपायरीनें उतरवितात. तेथें व्यसनाचा प्रश्नच उद्भवत नाहीं. मग नैराश्यावरील औषधांच्या बाबतींतच ही साधी गोष्ट इतकीं वर्षें अंधारांत कां राहिली ?

या औषधांची कथा एका बाजूनें आपल्याच देशांतून जाते. सर्पगंधेच्या मुळीचा गुण कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं १९३१ मध्यें आधुनिक वैद्यकापुढें मांडला. १९४९ मध्यें मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं रक्तदाबावरील तिच्या उपयोगाविषयीं 'ब्रिटिश हार्ट जर्नल' मध्यें निबंध लिहिला आणि पश्चिमेचें लक्ष तिच्याकडे वळलें. १९५२ मध्यें स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनीं त्या मुळींतून रिसर्पीन हें द्रव्य वेगळें काढलें. तें घेणारे कांहीं रोगी मनानें खचतात असें पुढें आढळलें. याच सुमारास न्यूयॉर्कजवळील स्टेटन बेटावर, सी व्ह्यू रुग्णालयांत, क्षयरोग्यांना आयप्रोनियाझिड नांवाचें औषध देण्यांत येत होतें. आणि तेथील खंगलेलीं माणसें फुप्फुसांच्या मानानें फारच आनंदी दिसूं लागलीं. प्रयोगशाळेंत असेंहि दिसलें कीं रिसर्पीननें प्राणी मंद होतात, पण आधीं आयप्रोनियाझिड दिलेलें असेल तर होत नाहींत. १९५७ मध्यें नेथन क्लाइन यांनीं तें नैराश्यावरील औषध म्हणून पुढें आणलें. यकृताला अपाय होतो म्हणून पुढें तें मागें पडलें. पण एका द्रव्यानें मन खालीं जातें व दुसऱ्यानें वर येतें, या जोडीवरून मेंदूंतील अमुक रसायन कमी पडल्यामुळें नैराश्य येतें अशी एक सुटसुटीत उपपत्ति तयार झाली. ती आज त्या सुटसुटीत रूपांत फारसा कोणी विद्वान् मानीत नाहीं. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीनें तिचा परिणाम मोठा झाला. रोग म्हणजे उणीव आणि औषध म्हणजे ती उणीव भरून काढणारी वस्तु, असें एकदां मानलें कीं औषध थांबविल्यावर जें जें कांहीं होईल तें तें उणीव परत आल्यामुळेंच, असें ओघानेंच ठरतें. औषधानें स्वतः शरीरांत कांहीं फेरफार केला असेल, ही शंका मनांत येण्यास जागाच उरत नाहीं.

दुसरें औषध इमिप्रमीन. बाझलच्या गायगी कंपनीनें तें पुरविलें व कॉन्स्टन्स सरोवराच्या कांठच्या म्युन्स्टरलिंगेन येथील मनोरुग्णालयांत रोलंड कून यांनीं तें वापरून पाहिलें. स्किझोफ्रेनियावर त्याचा उपयोग होईना. १९५६ च्या आरंभीं तें नैराश्याच्या रोग्यांना दिलें, आणि कांहीं आठवड्यांत मुकीं झालेलीं माणसें बोलूं लागलीं. १९५७ च्या सप्टेंबरांत झुरिक येथें भरलेल्या जागतिक परिषदेंत कून यांनीं हा शोध सांगितला, तेव्हां सभागृहांत जेमतेम डझनभर श्रोते होते. (या रुग्णालयांत रोग्यांना नीट न सांगतां कितीतरी अपरीक्षित द्रव्यें देण्यांत आलीं, हें इतिहासकारांनीं २०१९ मध्यें कागदपत्रांवरून उघड केलें, म्हणजे या शोधाची ही दुसरी बाजूहि विसरतां येत नाहीं.)

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. इमिप्रमीन बाजारांत येऊन दोन वर्षेंहि झालीं नव्हतीं, तोंच १९५९ मध्यें अँडरसन व क्रिस्टियनसेन यांनीं स्कँडिनेव्हियांतील एका मानसोपचारविषयक नियतकालिकांत नमूद केलें कीं, तें बंद करतांना रोग्यांना त्रास होतो. १९६१ मध्यें न्यूयॉर्कच्या हिलसाइड रुग्णालयांतील क्रेमर, क्लाइन व फिंक यांनीं तर याच विषयावर स्वतंत्र निबंध लिहिला. (हे क्लाइन निराळे.) मळमळ, डोकेदुखी, घेरी, अंगांत थंडी भरणें, थकवा, स्नायूंचें दुखणें हीं लक्षणें त्यांनीं नोंदलीं. आणि निबंधाच्या शीर्षकांत त्यांनीं शब्द कोणता योजला, तर 'विद्ड्रॉअल'. अफू किंवा मद्य सुटतांना जें होतें त्याला इंग्रजींत जें नांव आहे, तेंच. त्यांनीं तें सहजपणें वापरलें. त्यांत कोणाला कांहीं वावगें वाटलें नाहीं. म्हणजे औषधाच्या जन्मापासून चार-पांच वर्षांच्या आंत त्याचा हा गुण छापील अक्षरांत आलेला होता. पुढील तीन-चार दशकांत जें घडलें तें अज्ञान नव्हतें. त्याला विस्मरण म्हणणें अधिक बरोबर होईल, आणि तेंहि अगदीं निर्हेतुक विस्मरण नव्हतें.

मध्यंतरीं आणखी एक प्रकरण होऊन गेलें होतें. व्हॅलियमसारख्या चिंताशामक गोळ्या लाखों लोकांना सर्रास देण्यांत आल्या, आणि १९८० च्या दशकांत ब्रिटनमध्यें असें उघड झालें कीं त्या सोडतांना साध्या, सुस्थितींतील माणसांचेहि हाल होतात. लोकांचा गोळ्यांवरील विश्वास उडाला. अशा वेळीं सिरोटोनिनवर कार्य करणारीं नवीं औषधें आलीं. अमेरिकेच्या औषधखात्यानें २९ डिसेंबर १९८७ रोजीं फ्लुऑक्सेटीनला मान्यता दिली. पाठोपाठ सर्ट्रालीन, पॅरॉक्सेटीन, व्हेन्लाफॅक्सीन हीं आलीं. जुन्या औषधांच्या मानानें तीं सुरक्षित होतीं, एकदम पुष्कळ घेतलीं तरी सहसा प्राणघातक ठरत नव्हतीं, हें निर्विवाद आहे. त्यांनीं अनेक माणसें मरणाच्या दारांतून परत आणलीं हेंहि खरें.

१९९२ मध्यें ब्रिटनमधील मनोवैद्यांच्या व सामान्य डॉक्टरांच्या रॉयल कॉलेजांनीं नैराश्याविरुद्ध एक लोकशिक्षणाची मोहीम काढली. लोकांचीं मतें अजमावलीं तेव्हां शेंकडा ७८ लोकांनीं सांगितलें कीं या औषधांची सवय लागते असें आम्हांस वाटतें. मोहिमेच्या चालकांनीं हा लोकांचा भ्रम मानला आणि तो दूर करण्याचा चंग बांधला. त्यांचा हेतु चांगला होता. भीतीमुळें लोक उपचारच घेईनासे होतील ही काळजी त्यांना होती. पण हें शेंकडा ७८ चें मत भ्रम होता कीं आमच्या घरच्या वडील माणसाच्या प्रश्नांत जें शहाणपण असतें तेंच तेथें होतें, हें तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटली नाहीं.

त्याच वेळीं डॉक्टरांकडे निराळ्याच तक्रारी येऊं लागल्या होत्या. गोळी दोन-तीन दिवस चुकली कीं कोणाला चालतांना जमीन हलते असें वाटे, कोणाला विलक्षण ठसठशीत स्वप्नें पडत, कोणाला क्षणोक्षणीं रडूं फुटे. मान वळविली किंवा डोळे फिरविले कीं डोक्यांतून विजेचा झटका गेल्यासारखें होतें, अशी एक तक्रार तर अनेक देशांतील रोगी एकमेकांस न ओळखतां एकाच शब्दांत सांगूं लागले. वैद्यकाच्या कोशांत या झटक्याला नांव नव्हतें. नैराश्याच्या कोणत्याहि वर्णनांत तो नाहीं. जें लक्षण मूळ रोगांत नव्हतेंच, तें रोग उलटल्याचें चिन्ह कसें असेल, हा प्रश्न माझ्या पहिल्या वर्गांतील विद्यार्थीहि विचारील.

१९९६ च्या डिसेंबरांत अमेरिकेंत ॲरिझोना संस्थानांतील फीनिक्स येथें कांहीं नामांकित मनोवैद्य जमले. बैठकीचा खर्च फ्लुऑक्सेटीन बनविणाऱ्या एलाय लिली कंपनीनें केला. पुढील वर्षीं तिचें फलित प्रसिद्ध झालें, आणि या लक्षणसमूहाचें नांव पडलें 'डिस्कंटिन्युएशन सिंड्रोम', म्हणजे औषध खंडित झाल्यावरचीं लक्षणें. १९६१ चें सरळ नांव गेलें; नवें आलें. या कंपनीस असल्या बैठकीचा खर्च करण्याचें कारण काय, असें वाचक विचारील. कारण औषधांच्या अर्धायुष्यांत आहे. शरीरांतील औषधाचें प्रमाण निम्मे होण्यास जो काळ लागतो तो पॅरॉक्सेटीनचा सुमारें एक दिवस, व्हेन्लाफॅक्सीनचा अवघा पांच तास. पण फ्लुऑक्सेटीनचा कित्येक दिवस, आणि त्यापासून शरीरांत बनणाऱ्या द्रव्याचा तर एक-दोन आठवडे. तें आपोआपच सावकाश उतरतें. म्हणून याच कंपनीच्या पैशानें झालेल्या आणि १९९८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, रोग्यांच्या नकळत पांच ते आठ दिवस निरौषधी गोळ्या दिल्या असतां, पॅरॉक्सेटीनच्या शेंकडा ६६ व सर्ट्रालीनच्या शेंकडा ६० रोग्यांना हीं लक्षणें झालीं, फ्लुऑक्सेटीनच्या मात्र फक्त शेंकडा १४ रोग्यांना. प्रतिस्पर्ध्याचा माल असा खालीं पाडला गेला. व्यापारी चढाओढींतूनहि कधीं कधीं सत्य बाहेर येतें.

पण नांवाचें काय ? बचाव असा केला जातो, आणि त्यांत तथ्यहि आहे, कीं 'विद्ड्रॉअल' म्हटलें म्हणजे लोकांच्या डोळ्यांपुढें अफूबाज उभा राहतो, आणि या औषधांची तलफ कोणाला येत नाहीं. अमेरिकन मनोवैद्यांच्या रोगसूचींत १९८० च्या दशकापासून परावलंबनाची व्याख्या अशा वागणुकीवर, हव्यासावर, ताबा सुटण्यावर भर देणारी झाली होती. त्या व्याख्येंत हीं औषधें बसत नव्हतीं. सबब त्यांनीं परावलंबन येत नाहीं. सबब तीं सोडतांना होणारा त्रास हा परावलंबनाचा त्रास नव्हे. यांतील प्रत्येक पायरी व्याख्येच्या दृष्टीनें निर्दोष आहे. फक्त ज्याला पाय टाकतां येत नव्हता त्या माणसाच्या घेरीविषयीं त्यांत एक अक्षर नाहीं. आणि नवें नांव जितकें सौम्य, तितकीच वस्तुहि सौम्य असली पाहिजे असें मानलें गेलें. त्रास क्षुल्लक असतो, आठवडाभरांत आपोआप शमतो, असें पाठ्यपुस्तकांतून व ब्रिटनच्या अधिकृत मार्गदर्शिकेंतूनहि पुढें पंधरा-वीस वर्षें छापलें जात होतें.

यामुळें प्रत्यक्ष नुकसान काय झालें हें सांगितलें पाहिजे. एखादा रोगी बरा होऊन वर्ष झालेलें. डॉक्टरांच्या संमतीनें तो गोळी सोडतो. तिसऱ्या दिवशीं त्याची झोंप उडते, काळीज धडधडतें, रडूं येतें, घेरी येते. तो घाबरून परत येतो. पुस्तकांत लिहिलेलें असतें कीं औषध सुटल्याचा त्रास किरकोळ असतो. याचा त्रास तर किरकोळ नाहीं. तेव्हां हा रोगच उलटला. गोळी पुन्हां सुरू होते, दोन दिवसांत बरें वाटतें, आणि निदान खरें होतें अशी दोघांचीहि खात्री पटते. रोग्याला सांगण्यांत येतें कीं आतां हें औषध जन्मभर घ्यावें लागेल. वस्तुतः गोळी घेतांच इतक्या त्वरेनें उतार पडणें हीच उलट बाजूची खूण होती. कारण खऱ्या नैराश्यावर या औषधांचा गुण दिसण्यास कांहीं आठवडे लागतात. रोग उलटतो तोहि सहसा दोन-तीन दिवसांत नव्हे, आठवड्यांनीं किंवा महिन्यांनीं. अशा रीतीनें किती माणसें आपण कायमची रोगी आहोंत असें समजून बसलीं, त्याची मोजदाद नाहीं.

या कोंडीला पहिलें मोठें खिंडार डॉक्टरांनीं पाडलें नाहीं. २००२ च्या ऑक्टोबरांत बी. बी. सी. नें 'पॅनोरमा' या कार्यक्रमांत पॅरॉक्सेटीनवर, म्हणजे ब्रिटनमधील सेरोक्सॅटवर, एक भाग दाखविला. त्यानंतर हजारों दूरध्वनि आले आणि १,३७४ ई-मेल आले. चार्ल्स मेडावार व अँड्र्यू हर्क्सहायमर यांनीं हे ई-मेल वाचून त्यांचें वर्गीकरण केलें. विजेचे झटके, घेरी, जिना उतरण्याची भीति, सारें तेथें पुन्हां पुन्हां आलेलें होतें. रोग्यांसाठीं असलेल्या पत्रकांत या औषधाची सवय लागूं शकत नाहीं असें तोंपर्यंत छापलेलें असे. तें वाक्य पुढें गेलें. आणि औषध सुटल्याचा त्रास पांचशांत एकाला होतो असा जो पूर्वीचा अंदाज होता, तो २००३ मध्यें कंपनीनें चारांत एक असा बदलला.

तरीहि २०१८ च्या फेब्रुवारींत लंडनच्या 'टाइम्स'मध्यें मनोवैद्यांच्या रॉयल कॉलेजच्या अध्यक्षांनीं एका सहकाऱ्यासह लिहिलें कीं, बहुसंख्य रोग्यांचा हा त्रास दोन आठवड्यांत ओसरतो. त्यावर रोग्यांनीं व कांहीं विद्वानांनीं एकच गिल्ला केला. २०१९ च्या मे महिन्यांत कॉलेजनें आपली भूमिका बदलली; त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत अधिकृत मार्गदर्शिकाहि बदलली; कांहींना त्रास तीव्र होतो व तो दीर्घकाळ टिकतो हें मान्य झालें. २०२० मध्यें ज्या कॉलेजनें लोकांचा 'भ्रम' घालविण्याची मोहीम काढली होती, त्याच कॉलेजनें औषध टप्प्याटप्प्यानें कसें उतरवावें हें सांगणारी पत्रिका कोष्टकांसह सर्वांसाठीं प्रसिद्ध केली.

हें उतरविण्याचें शास्त्र मोठें मनोवेधक आहे. पूर्वीची रीत अशी कीं वीस मिलिग्रॅमवरून दहा, दहावरून पांच, मग बंद, सारें महिनाभरांत. मार्क होरोविट्झ व डेव्हिड टेलर यांनीं २०१९ मध्यें 'लॅन्सेट सायकिॲट्री'मध्यें दाखविलें कीं ही पायरी दिसते सारखी, पण ती तशी नाहीं. (होरोविट्झ हे स्वतः डॉक्टर, आणि स्वतःची गोळी सोडतांना पोळलेले.) मेंदूच्या चित्रणांवरून असें दिसतें कीं सिटॅलोप्राम ६० मिलिग्रॅम घेतलें तर मेंदूंतील संबंधित स्थानांपैकीं सुमारें शेंकडा ८८ व्यापलीं जातात, २० घेतलें तरी सुमारें ८०, नऊच्या आसपास ७०, साडेपांचच्या आसपास अजून ६०. पुढें दीड मिलिग्रॅमला ३०, आणि अर्ध्याहून कमी मिलिग्रॅमलाहि दहा. घाटमाथ्यावरून कोंकणांत पायीं उतरलेल्या माणसाला हें चटकन कळेल. देशावरून निघालें कीं मैलच्या मैल वाट जवळजवळ सपाट, आपण उतरत आहोंत याची जाणीवहि होत नाहीं. आणि मग एकदम कडा. शेवटची पांच मिलिग्रॅमची गोळी सोडणें म्हणजे त्या कड्यावरून उडी. म्हणून अखेरच्या पायऱ्या सर्वांत लहान हव्यात आणि त्यांना सर्वांत अधिक वेळ हवा. पण इतकी बारीक गोळी कोणती कंपनी बनविते ? रोगी आपापल्या परीनें कानशीनें गोळ्या घासत, कॅप्सूल उघडून आंतील मणी मोजत. कांहीं गोळ्या अशा फोडणें धोक्याचेंहि असतें. नेदर्लंड्समध्यें रोगी, संशोधक व एक औषधविक्रेता यांनीं मिळून रोजची मात्रा किंचित किंचित कमी होत जाणाऱ्या पुड्यांच्या पट्ट्याच तयार केल्या. इतरत्र पातळ औषधाचे थेंब वापरतात.

येथें दुसऱ्या बाजूस न्याय दिला पाहिजे. २०१९ मध्यें डेव्हिस व रीड यांनीं निम्म्याहून अधिक लोकांना त्रास होतो असा अंदाज दिला, पण त्यांत ज्यांना त्रास झाला तेच बोलावयास पुढें आले असण्याचा संभव होता. २०२४ मध्यें जर्मनींतील हेन्सलर प्रभृतींनीं अनेक प्रयोग एकत्र तपासले तेव्हां शेंकडा ३१ जणांस लक्षणें झाल्याचें आढळलें. पण निरौषधी गोळी थांबविल्यावरहि शेंकडा १७ जणांस तीं झालीं होतीं! तीव्र त्रासाचें प्रमाण सुमारें तीन टक्के. यावरहि आक्षेप असा कीं त्यांतील बरेच रोगी थोडेच आठवडे वा महिने औषध घेत होते. दहा-दहा वर्षें घेणाऱ्यांचे प्रयोग फारसे झालेलेच नाहींत. शिवाय रोग खरोखरच उलटतो हेंहि विसरूं नये. २०२१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील एका प्रयोगांत, दीर्घकाळ औषध घेऊन बरें असलेल्या ४७८ जणांपैकीं ज्यांचें औषध हळूहळू थांबविलें त्यांतील शेंकडा ५६ जणांना वर्षभरांत पुन्हां नैराश्यानें गांठलें. ज्यांचें चालू ठेवलें त्यांतील ३९ जणांना. हे आंकडे दोन्हीं बाजूंचे वकील आपापल्या सोयीनें वाचतात. एक म्हणतो, पाहा, सोडूं नका. दुसरा म्हणतो, सोडूनहि शंभरांत चव्वेचाळीस बरे राहिले. आणि या ५६ मध्यें औषध सुटल्याच्या त्रासालाच नैराश्य समजलें गेलेले किती, हा वाद अद्याप मिटलेला नाहीं.

आपल्या इकडे औषध सुटण्याची तऱ्हा बहुधा निराळी असते. तेथें कोष्टक नसतें आणि डॉक्टरहि नसतो. घरचें कोणी म्हणतें, "आतां बरा दिसतोस, कशाला रोज तें विष पोटांत घालतोस ?" किंवा लग्नासाठीं गांवीं गेलेल्या बाईची गोळ्यांची पाकिटें शहरांतच राहतात, किंवा महिनाअखेरीस पैसे पुरत नाहींत. चौथ्या दिवशीं घेरी येते ती पित्तावर किंवा उन्हावर ढकलली जाते, रडूं येतें तें दृष्टीवर. सासरचीं माणसें म्हणतात, पुन्हां सुरू झालें हिचें. ज्या गोळीला कोणी व्यसन म्हणूं धजत नाहीं आणि जिच्या सुटण्याच्या त्रासाला मराठींत नांवहि नाहीं, तिच्याबद्दल ती बाई तरी काय सांगणार ! तिनें पुन्हां डॉक्टरांकडे जाऊन, गोळ्या अमुक दिवशीं संपल्या आणि त्रास अमुक दिवशीं सुरू झाला, एवढ्या दोन तारखा सांगितल्या, तर रोग कोणता आणि सवय कोणती हें ओळखण्यास त्यांना पुष्कळ मदत होते. त्या तारखा मात्र बहुधा कोणी लिहून ठेवीत नाहीं.